चिमणराव आणि टिपरे

मुंबईचें दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें आणि त्याच दशकांत चिमणराव व गुंड्याभाऊ पडद्यावर अवतरले. हिंगोलीच्या घरांपर्यंत तें प्रक्षेपण पोहोंचत नव्हतें; तेथील वाचकाचा चिमणराव चिं. वि. जोशी यांच्या पुस्तकांतलाच राहिला. त्यांत त्याचें फारसें कांहीं बुडालें, असें मला वाटत नाहीं. चिमणराव स्वतःची फजिती स्वतःच सांगतो, आणि आपण हास्यास्पद होत आहों याचा त्याला पत्ताहि नसतो. ही गंमत छापील पानावरच पुरती रंगते. दिलीप प्रभावळकरांनीं ती चेहऱ्यावर आणली, हें त्यांचें कौशल्य खरेंच!

'श्रीयुत गंगाधर टिपरे' ही मालिका २००१ सालीं उपग्रहवाहिनीवरून आली. हिंगोली जिल्हा तेव्हां जेमतेम दोन वर्षांचा होता. आतां मुंबईकर व हिंगोलीकर एकाच रात्रीं हसूं शकत होते. तिचें मूळहि प्रभावळकरांच्या 'अनुदिनी'त, म्हणजे पुन्हा रोजनिशींतच. मात्र टिपऱ्यांच्या तीन पिढ्यांना लेखक मायेनें सांभाळतो. जोशी चिमणरावाची गय करीत नाहींत. मला हें दुसरें अधिक खरें वाटतें. २०१८ मध्यें सुरू झालेल्या 'महाराष्ट्राची हास्यजत्रा' या कार्यक्रमांत एक कायमचें घर असें नाहींच. बहुतेक प्रहसनें कांहीं मिनिटांत संपतात आणि पात्रेंहि त्यांच्याबरोबर जातात. काऊ, मोरू नि मैना मात्र शेजारच्या बिऱ्हाडांत राहत असल्यासारखीं आठवतात.