क्रॉस-कंपायलिंग

क्रॉस-कंपायलिंग : एका संगणक प्रणालीवर काम करून दुसऱ्या प्रणालीवर चालणारी आज्ञावली तयार करण्याची पद्धत. उदा., लिनक्स असलेल्या संगणकावर विंडोजची किंवा लॅपटॉपवर अँड्रॉइड फोनची आज्ञावली बनवणे. हे काम करणारा कंपायलर (संकलक) तो क्रॉस-कंपायलर. ज्या प्रणालीवर चालतो तिच्यासाठीच कोड काढणारा तो नेटिव्ह कंपायलर.

गरज : आर्डुइनो उनो या बोर्डावरील मायक्रोकंट्रोलरमध्ये फ्लॅश स्मृती ३२ किलोबाइट आणि रॅम अवघी २ किलोबाइट असते. तिथे कंपायलर मावणे शक्यच नाही. आज्ञावली बाहेर तयार करूनच आत भरावी लागते. नव्या प्रोसेसरवर सुरुवातीला कोणताच कंपायलर नसतो, म्हणून त्याचा पहिला कंपायलरही सहसा दुसऱ्या यंत्रावर घडवतात.

घटक : प्रोसेसर तोच असला तरी लिनक्सची फाइल विंडोजवर थेट चालत नाही. लिनक्सचा फाइल-साचा ईएलएफ, विंडोजचा पीई. हेक्स एडिटरमध्ये पीई फाइल उघडली की सुरुवातीलाच एम आणि झेड ही अक्षरे दिसतात. ईएलएफ फाइलमध्ये एका चिन्हबाइटनंतर तिचे नावच लिहिलेले असते. शिवाय फाइल उघडणे, स्मृती मागणे अशा कामांसाठी प्रत्येक प्रणालीला हाक मारण्याची रीत वेगळी. त्यामुळे कंपायलरच्या जोडीला लक्ष्य प्रणालीचे असेंब्लर, लिंकर, हेडर फाइली आणि लायब्रऱ्या लागतात. या सगळ्या संचाला टूलचेन म्हणतात. लिनक्सवरून विंडोजसाठी मिंगडब्ल्यू-डब्ल्यू६४ ही टूलचेन वापरतात. तयार झालेली फाइल लिनक्सवरच, विंडोजच्या आज्ञावली चालवणाऱ्या ‘वाइन’च्या आधारे चालवून पाहता येते.

अडचणी : ६४-बिट लिनक्सवर सी भाषेतील ‘लाँग’ ८ बाइटांचा, तर ६४-बिट विंडोजवर ४ बाइटांचा असतो. पॉइंटर मात्र दोन्हीकडे ८ बाइटांचा. लाँगमध्ये पॉइंटर साठवणारा कोड लिनक्सवर बिनतक्रार चालतो. विंडोजवर पत्त्याचा अर्धा भाग गळतो आणि आज्ञावली कोसळू शकते. म्हणून चाचणी शेवटी लक्ष्य यंत्रावर करावीच लागते.

जीसीसी : रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेला हा मुक्त कंपायलर क्रॉस-कंपायलिंगचा मोठा आधार आहे. त्याची बांधणी करताना तीन यंत्रे सांगता येतात : बिल्ड (कंपायलर जिथे बांधला जातो), होस्ट (तो जिथे चालेल) आणि टार्गेट (ज्याच्यासाठी तो कोड काढेल). तिन्ही वेगळी असली तर त्या बांधणीला ‘कॅनेडियन क्रॉस’ म्हणतात. नाव पडले तेव्हा कॅनडात राष्ट्रीय पक्षही तीनच होते, त्यावरून ते आले. जीसीसीचा पुढचा भाग भाषा वाचतो, मधला भाग कोड सुधारतो, मागचा भाग यंत्राचा कोड काढतो. प्रोसेसरचे तपशील ‘यंत्रवर्णन’ फाइलींत लिहितात आणि त्यांवरून कंपायलरचा बराच भाग आपोआप तयार होतो. अनेक प्रोसेसरांचे कंपायलर एकाच जीसीसीतून बांधता येतात ते यामुळे.

जबलपूर व मुंबई : ही गुंतागुंत भारतीय विद्यार्थ्यांपुढे उलगडून ठेवण्याचे मोठे काम उदय खेडकर यांनी केले. ते १९८६ मध्ये जबलपूरच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातून (स्थापना १९४७) पदवीधर झाले. पुणे विद्यापीठातून एम.टेक. व मुंबईच्या आयआयटीतून १९९५ मध्ये पीएच.डी. मिळवून त्यांनी आधी पुणे विद्यापीठात आणि २००१ पासून आयआयटीत अध्यापन केले. आयआयटीतील जीसीसी रिसोर्स सेंटरच्या कार्यशाळांत नेटिव्ह, क्रॉस आणि कॅनेडियन या तिन्ही बांधण्या शिकवल्या जात. मिप्स प्रोसेसरची नक्कल करणाऱ्या ‘स्पिम’साठीचे यंत्रवर्णन तिथे टप्प्याटप्प्याने वाढवत नेले जाई : आधी अगदी थोड्या आज्ञा कळणारा कंपायलर, मग एकेक क्षमतेची भर. अमिताभ सन्याल व बागेश्री करकरे यांच्यासह खेडकरांनी लिहिलेला डेटा फ्लो ॲनालिसिसवरील इंग्रजी ग्रंथ (२००९) कोड सुधारण्याच्या शास्त्रावर आहे.

महत्त्व : टूलचेन वापरणारे पुष्कळ असतात, ती घडवू शकणारे थोडे. देशात नवा प्रोसेसर तयार झाला तरी त्यासाठी कंपायलर नसेल तर त्यावर सी भाषेतली एक ओळही चालत नाही. हे ज्ञान वर्गावर्गांत पोचणे म्हणूनच मोलाचे आहे.