आरशानें नाकारलेलें समीकरण

देवघरांतील शंख आरशासमोर धरून पाहा. वामावर्त शंख आरशांत दक्षिणावर्त दिसतो. डाव्या-उजव्यांचा हा भेद सृष्टीचे मूलभूत नियम करीत नाहींत, अशी पदार्थविज्ञानवेत्त्यांची दीर्घकाळ श्रद्धा होती. तिच्यापायीं एका सुंदर समीकरणाला फार दिवस वनवास भोगावा लागला.

डिरॅक यांनीं १९२८ सालीं इलेक्ट्रॉनाचें समीकरण मांडलें. पुढच्याच वर्षीं जर्मन गणिती हेर्मान वाइल यांनीं विचार केला कीं, कणाला वस्तुमान मुळींच नसेल तर काय होईल? तेव्हां त्या समीकरणाचे दोन स्वतंत्र भाग पडतात. एक डाव्या वळणाच्या कणाचा, दुसरा उजव्या. परंतु डावा कण एकटाच मानला, तर त्याचें आरशांतील प्रतिबिंब सृष्टींत कोठेंच सांपडणार नाहीं. नेमक्या याच कारणास्तव १९३३ सालीं वोल्फगांग पाउली यांनीं हें समीकरण वास्तवाला लागू नाहीं, असा निर्णय दिला.

वाइल १९५५ च्या डिसेंबरांत निवर्तले. त्यानंतर वर्षभरानें, ली व यांग यांच्या सूचनेवरून चिएन-शिउंग वू यांनीं अतिशीत कोबाल्टवर प्रयोग केला आणि सृष्टि डावें-उजवें खरोखरच ओळखते, असें सिद्ध झालें. समीकरण सन्मानानें परत आलें व न्यूट्रिनो कणास लावण्यांत आलें. परंतु १९९८ सालीं जपानमधील सुपर-कामिओकांडे प्रयोगानें न्यूट्रिनोलाहि वस्तुमान असल्याचें दाखविलें, आणि तें पुनश्च निराश्रित झालें.

आश्रय मिळाला तो स्फटिकांत. तेथें इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेचे दोन पट्टे कांहीं बिंदूंपाशीं एकमेकांस स्पर्श करूं शकतात, हें कॉनियर्स हेरिंग यांनीं १९३७ सालींच दाखविलें होतें. अशा बिंदूजवळ ऊर्जा संवेगाच्या सरळ प्रमाणांत वाढूं शकते. म्हणजे इलेक्ट्रॉन वस्तुमान नसल्याप्रमाणें वागतात. धड धातु नव्हे, धड विद्युत्‌रोधक नव्हे, अशा या पदार्थांस अर्धधातु म्हणतात. मात्र एक अट आहे. स्फटिक मध्यबिंदूभोंवतीं उलटला तरी तसाच राहत असेल, आणि काळाची दिशा उलटूनहि फरक पडत नसेल, तर डावे व उजवे बिंदु एकमेकांवर पडून आपली ओळख गमावतात. यांपैकीं एक तरी सममिति भंगली पाहिजे. टँटलम व आर्सेनिक यांच्या संयुगांत पहिली भंगलेली असते. २०१५ सालीं प्रिन्स्टन व बीजिंग येथील संशोधकांनीं त्यावर किरण टाकून बाहेर पडलेल्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा व दिशा मोजली. वाइल यांचे बिंदु तेथें प्रकट झाले. एकंदर २४, निम्मे डावे आणि निम्मे उजवे.

हा कण स्फटिकाबाहेर काढून तळहातावर ठेवतां येत नाहीं. दिंडीची लय जशी कोणा एका वारकऱ्याची नसते, तसा तो असंख्य इलेक्ट्रॉन आणि अणूंची मांडणी यांच्या सहवासांतून उपजतो. ज्या सममितिभंगामुळें १९३३ सालीं समीकरण त्याज्य ठरलें, तोच येथें त्याच्या अस्तित्वाची अट ठरला. पाउली यांचें गणित चुकलें नव्हतें. आरशाला त्यांनीं सृष्टीचा न्यायाधीश मानलें, एवढेंच. ८६ वर्षांनंतर सृष्टीनें आपला निकाल दिला, तेव्हां तो ऐकावयास ना पाउली होते, ना वाइल.