विलंबमाफी (बडतर्फीच्या वादांतील)

विलंबमाफी : नोकरीतून दूर केलेल्या कामगाराची तक्रार मुदत टळून गेल्यावर दाखल झाली असताही, विलंबाचे सबळ कारण दिसल्यास न्यायालयाने ती विचारार्थ स्वीकारण्याची व्यवस्था. हिच्यामुळे तक्रारदारास आपली कैफियत मांडण्याची मुभा तेवढी मिळते. बडतर्फी रास्त होती की गैरवाजवी, हा प्रश्न खुलाच राहतो.

महाराष्ट्रात याचा मुख्य आधार म्हणजे कामगार संघांना मान्यता देण्याबाबत व अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध करण्याबाबतचा राज्याचा 1971 चा अधिनियम होय. सूडबुद्धीने, धादांत खोट्या सबबीवर किंवा नैसर्गिक न्यायाची पायमल्ली करून केलेली बडतर्फी त्याच्या चौथ्या अनुसूचीत अनुचित प्रथा म्हणून गणली असून, कलम 28 अन्वये तिच्याविरुद्ध 90 दिवसांत तक्रार करावी लागते. मात्र चांगली व पुरेशी कारणे दाखविल्यास त्यानंतरही ती घेण्याचा अधिकार न्यायालयास आहे.

2025 पर्यंत लागू असलेल्या 1947 च्या औद्योगिक विवाद अधिनियमाचा मार्ग निराळा होता. त्यातील कलम 10 प्रमाणे सरकार वाद केव्हाही न्यायालयाकडे सोपवू शकत असे. 2010 च्या दुरुस्तीने कामगारास थेट न्यायालयात जाण्याचा हक्क मिळाला, पण त्यास बडतर्फीपासून तीन वर्षांची मर्यादा घातली गेली, आणि त्या पोटकलमात माफीची तरतूद नव्हती. राज्य अधिनियमाच्या कलम 59 मुळे एकाच बाबतीत दोन्ही दरवाजे ठोठावता येत नसल्याने, पहिला अर्ज कोणत्या कायद्याखाली करावयाचा, यावरच विलंबाचे मोजमाप पुष्कळदा ठरत असे.

बागलाण तालुक्यात मोसम नदीकाठी वसलेल्या नामपूरसारख्या कांद्याच्या बाजारपेठेत याची अडचण स्पष्ट कळून येते. व्यापाऱ्याच्या खळ्यावरील कामगारास ‘उद्यापासून येऊ नकोस’ एवढेच तोंडी सांगितले, हाती लेखी हुकूम पडला नाही आणि पुढल्या हंगामात पुन्हा घेण्याच्या भरवशावर तो थांबून राहिला, तर नाशिकच्या कामगार न्यायालयाची पायरी चढेपर्यंत नव्वद दिवस सहज उलटून जातात. अशा वेळी माफीच्या अर्जासोबत प्रतिज्ञापत्र लागते, आणि नुसत्या गरिबीच्या किंवा अज्ञानाच्या मोघम उल्लेखापेक्षा मालकास पाठविलेल्या पत्राची पोच, इस्पितळाचे कागद किंवा संघटनेशी झालेला पत्रव्यवहार यांस अधिक वजन असते.

विलंब किती झाला, त्याचा खुलासा प्रामाणिक आहे काय, मूळ तक्रारीत सकृद्दर्शनी तथ्य आहे काय आणि मध्यंतरी साक्षीपुरावा नाहीसा होऊन मालकाचे नुकसान झाले काय, हे प्रश्न न्यायालयासमोर येतात. अजायबसिंग प्रकरणी (1999) सर्वोच्च न्यायालयाने औद्योगिक विवाद अधिनियमाखालील कार्यवाहीस मुदत कायदा लागू नसल्याचे सांगितले, तथापि विलंब ध्यानी घेऊन मागील वेतन पूर्णतः वा अंशतः नाकारता येईल, असेही स्पष्ट केले. उलट नेडुंगडी बँकेच्या खटल्यात (2000) सात वर्षांनी उकरून काढलेला वाद शिळा ठरविण्यात आला. तात्पर्य, विलंब माफ झाला तरी तो हिशेबातून वजा होत नाही. दाराशी सोडून दिलेली दिरंगाई पगाराच्या आकड्यात पुन्हा मोजली जाऊ शकते.

महाराष्ट्रातील खासगी शाळांतील सेवकांस 1977 च्या अधिनियमानुसार हुकूम मिळाल्यापासून तीस दिवसांत शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करावे लागते. तेथेही पुरेशा कारणास्तव उशीर माफ होतो. दक्षिण आफ्रिकेच्या 1995 च्या कामगार कायद्यातही तीस दिवसांची मुदत व सबळ कारणावरून माफी अशीच योजना आहे. भारतात 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेने बडतर्फीचा वाद उपस्थित करण्याची मुदत दोन वर्षांवर आणली.