द्विध्रुवी मनोविकार असलेल्या अपत्याचे संगोपन : चिंचोळी औद्योगिक वसाहतीच्या संदर्भात

द्विध्रुवी मनोविकार : मनाची वृत्ती काही काळ उन्मादाच्या व काही काळ अवसादाच्या, म्हणजे खोल नैराश्याच्या, टोकाला नेणारा, मधल्या काळात बहुधा पूर्वपदावर येऊ देणारा, परंतु पुनःपुन्हा उद्भवणारा दीर्घकालीन आजार, बोलीत ‘बायपोलर’. प्रस्तुत नोंदीचा विषय हा आजार असलेल्या मुलामुलींचे संगोपन हा आहे, आणि पुणे–सोलापूर महामार्गालगत मोहोळ तालुक्यात वसलेल्या चिंचोळी औद्योगिक वसाहतीतील कामगार कुटुंबाचा दिनक्रम डोळ्यांपुढे ठेवून ती लिहिली आहे. या आजाराचे निद्रेशी व नियमित वेळेशी जितके निकटचे नाते आहे तितके फार थोड्या आजारांचे असते. आणि जिथे घराघरांतली चूल, अंघोळ व झोप कारखान्याच्या पाळीप्रमाणे आठवड्यागणिक बदलते, तिथे या आजाराशी झुंजणाऱ्या आईबापांपुढचा प्रश्न औषधाइतकाच घड्याळाचाही असतो.

उन्मादाच्या अवस्थेत मूल अवाजवी उत्साही किंवा, लहान वयात अधिक वेळा, विलक्षण चिडखोर होते; बोलणे थांबत नाही, एका विचारातून दुसऱ्यात उडी पडते, स्वतःच्या सामर्थ्याविषयी अफाट कल्पना मनात येतात, आणि रात्री दोन-तीन तास झोपूनही सकाळी थकवा जाणवत नाही. निदानासाठी ही अवस्था सामान्यतः किमान सात दिवस, सौम्य उन्माद किमान चार दिवस व अवसाद किमान दोन आठवडे टिकलेला असावा लागतो. विकाराचा आरंभ बहुधा 15 ते 25 या वयात होतो. त्याआधी तो होऊ शकतो, परंतु विरळा. म्हणूनच प्रत्येक हट्टी किंवा चंचल मुलावर हा शिक्का मारणे अन्यायाचे ठरते : अतिचंचल मुलाची चंचलता बारमाही असते, तर या विकारातील बदल झटक्याझटक्याने येतो व मुलाच्या नेहमीच्या स्वभावाहून तो स्पष्ट वेगळा दिसतो. पहिला झटका अवसादाचा असेल तर खरा आजार ओळखू येण्यास काही वर्षेही लागतात. आणि तेवढ्या अवधीत केवळ अवसादविरोधी गोळ्या दिल्या गेल्यास उन्माद उसळण्याचा धोका असतो. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने 2015–16 मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात हा विकार आयुष्यात केव्हातरी झालेल्या प्रौढांचे प्रमाण हजारी सुमारे पाच आढळले.

एमिल क्रेपेलिन या जर्मन वैद्याने 1899 मध्ये उन्माद व अवसाद या एकाच आजाराच्या दोन बाजू असल्याचे मांडले. ‘द्विध्रुवी’ ही संज्ञा कार्ल लिओनहार्ड यांच्या 1957 च्या ग्रंथापासून रूढ झाली. आजारात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो, तरी आई किंवा बाप यांपैकी एक आजारी असलेल्या घरातील बहुसंख्य मुले या विकारापासून मुक्तच राहतात. मायेत काही उणे पडले, किंवा गरोदरपणी आईने काही चुकीचे केले, म्हणून हा आजार होतो, या समजुतीस कोणताही आधार नाही. आणि निदान कळल्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत सासर-माहेरच्या माणसांनी आईला हे स्पष्ट शब्दांत सांगणे, हे प्रस्तुत लेखकाच्या मते उपचाराचेच एक अंग आहे. घरातील वातावरणाने आजार निर्माण होत नसला, तरी तो उलटण्याचे प्रमाण त्यावर अवलंबून असते : सततची टीका, टोमणे व भांडणे असलेल्या घरांत झटके अधिक वेळा येतात, हे संशोधनातून वारंवार दिसून आले आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मिक्लोविट्झ यांनी याच आधारावर संपूर्ण कुटुंबाला आजाराचे ज्ञान, संभाषणाची रीत व अडचण सोडवण्याची पद्धत शिकवणारी चिकित्सा रचली.

पिट्सबर्गच्या एलन फ्रँक यांनी याच आजारासाठी सिद्ध केलेल्या दुसऱ्या चिकित्सेत दिवसातील पाच वेळा स्थिर ठेवण्यावर भर असतो : उठण्याची, पहिल्यांदा माणसाशी बोलण्याची, शाळा वा काम सुरू करण्याची, रात्रीच्या जेवणाची व अंथरुणावर पडण्याची. हा उपदेश चिंचोळीच्या संदर्भात वाचला असता त्याची कठोरता लक्षात येते. बाप रात्रपाळी करून सकाळी घरी येतो तेव्हा मुलाच्या शाळेची वेळ झालेली असते; दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात तो मध्यरात्रीनंतर परततो, दार वाजते, ताट वाढले जाते, दिवा लागतो, आणि एका खोलीच्या घरात सगळेच जागे होतात. निरोगी भावंड कूस बदलून पुन्हा झोपते. पण ज्या मुलाच्या बाबतीत एका रात्रीचे जागरण उन्मादाचे निमित्त ठरू शकते, त्याच्यासाठी ही किरकोळ बाब राहत नाही. यावर घराघरांतून निघणारे उपाय साधेच आहेत : मुलाचे अंथरूण दारापासून दूर, पडदा बांधून वेगळे करणे, उशिरा येणाऱ्याचे जेवण आधीच झाकून ठेवणे व त्याच्यासाठी मोठा दिवा न लावणे, पाळी कोणतीही असो, मुलाचे जेवण व झोप यांची वेळ आईने, आजीने किंवा थोरल्या बहिणीने एकाच घड्याळावर सांभाळणे. सणांच्या बाबतीतही तोच बंदोबस्त हवा. सोलापूर परिसरातून कोजागरीच्या सुमारास हजारो भाविक रात्रभर पायी चालत तुळजापूरला जातात. मुलाला देवीच्या दर्शनाला न्यायचेच असेल, तर ते दिवसा, वाहनाने न्यावे. भक्तीत त्याने उणेपणा येत नाही. जानेवारीतील सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेलाही सायंकाळी जाऊन वेळेत परतणे शक्य असते.

नोंद ठेवण्याची सवय या संगोपनात अमोल ठरते, आणि तिच्यासाठी नवे दप्तर उघडण्याची गरज नाही. भिंतीवरच्या दिनदर्शिकेच्या ज्या चौकटीत दुधाचा खाडा लिहिला जातो, त्याच चौकटीत मूल किती वाजता झोपले, किती वाजता उठले, गोळी घेतली की नाही, आणि दिवस चढा, उतरता की समतोल गेला, एवढे चार शब्द लिहावेत. सलग तीन चौकटींत झोप दोन-दोन तासांनी घटत गेलेली दिसली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना गाठावे. दोन महिन्यांची ती पाने घेऊन दवाखान्यात गेलेली आई दहा मिनिटांत जेवढे सांगू शकते, तेवढे आठवणीवर विसंबणाऱ्याला तासाभरातही सांगता येत नाही.

औषधांपैकी लिथियमविषयी येथे विस्ताराने लिहिणे भाग आहे. जॉन केड या ऑस्ट्रेलियन वैद्याने 1949 मध्ये उन्मादावरील त्याचा गुण प्रसिद्ध केला, आणि आत्महत्येचा धोका कमी करणारे औषध म्हणून त्याचे स्थान आजही अबाधित आहे. मात्र त्याची उपकारक मात्रा व विषारी मात्रा यांतील अंतर अरुंद असते. रक्तातील प्रमाण सामान्यतः लिटरला 0.6 ते 1.2 मिलिइक्विव्हॅलंट राखले जाते, 1.5 च्या वर विषबाधेची लक्षणे संभवतात. शेवटच्या गोळीनंतर 12 तासांनी रक्त द्यावे लागते, म्हणून तपासणीच्या सकाळी गोळी रक्त दिल्यावरच द्यावी; मूत्रपिंड व थायरॉइड यांचीही तपासणी ठरावीक मुदतीने करावी लागते. एप्रिल-मे महिन्यांत पारा 42–43 अंशांपलीकडे जाणाऱ्या सोलापूर भागात, पत्र्याच्या छताखाली राहणाऱ्या मुलाच्या शरीरातले पाणी व मीठ घामावाटे गेले, की रक्तातील लिथियम वाढू लागते. जुलाब-उलट्या झाल्या, नवरात्रात निर्जळी उपवास घडला, किंवा कुणाच्या सल्ल्याने जेवणातले मीठ एकदम तोडले, तरी तेच होते. अंगदुखीवर दुकानातून सहज आणली जाणारी आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक ही गोळीदेखील लिथियमचे प्रमाण वाढवते. ताप-दुखण्यासाठी पॅरासिटामॉल त्या मानाने सुरक्षित. हात ठळकपणे थरथरणे, चाल लडखडणे, जीभ जड होणे, उलट्या व गुंगी ही लक्षणे दिसताच पुढची गोळी थांबवून त्याच घटकेस रुग्णालय गाठावे. व्हॅल्प्रोएट हे दुसरे प्रचलित औषध गर्भाला गंभीर व्यंग आणू शकते. म्हणून वयात आलेल्या मुलीला ते सुचवले गेल्यास आईने हा विषय संकोच न करता डॉक्टरांकडे काढावा. बरे वाटू लागले म्हणून गोळ्या परस्पर बंद करणे, हे आजार उलटण्याचे अतिशय सामान्य कारण आहे.

उन्मादात असलेल्या मुलाशी वाद घालून त्याला वास्तव पटवता येत नाही. थोडे व शांत बोलावे, टीव्ही आणि गर्दी दूर करावी, मोटारसायकलची किल्ली व पैसे नजरेआड ठेवावेत. दारासमोरून महामार्गाची अवजड वाहतूक जात असेल, तर त्याला एकट्याने बाहेर पडू देऊ नये. त्या भरात उच्चारलेले कठोर शब्द आजाराच्या खाती टाकावेत, मात्र हात उगारण्याला मुभा नाही, हा नियम बरे असताना त्याच्याशी बोलून ठरवलेला असावा. अवसादात याउलट मूल उठत नाही, अंघोळ टाळते, परीक्षेला बसत नाही. त्याला आळशी म्हणणे म्हणजे तापलेल्या मुलाला ताप का आला म्हणून जाब विचारणे होय. जगणे नकोसे वाटते का, असे त्याला सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार मनात रुजतो, ही भीती निराधार आहे. उलट बोलायला वाट मिळते. वसाहतीतील पुष्कळ कुटुंबांची गावाकडे ऊस, डाळिंब किंवा द्राक्षांची शेती असते व फवारणीच्या औषधाचे डबे घरातच असतात. ते घराबाहेर, कुलपात गेले पाहिजेत, आणि मुलाच्या गोळ्याही मोठ्या माणसाच्या ताब्यात राहून त्याच्याच हातून दिल्या गेल्या पाहिजेत.

बाहेरची बाधा समजून देवऋष्याकडे घालवलेले महिने वाया जातात. श्रद्धेपोटी कोणी अंगारा लावला तर बिघडत नाही, गोळी चुकली तर बिघडते. लग्न केले की मुलगी सुधारेल, हा सल्ला मात्र सर्वस्वी नाकारावा. नव्या घरातले जागरण, ताण व लपवलेली औषधे यांनी तिची अवस्था अधिक बिकट होऊ शकते.

उपचारांसाठी सोलापुरात, 1963 मध्ये स्थापन झालेल्या डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न सर्वोपचार रुग्णालय, म्हणजे लोकांच्या तोंडचे ‘सिव्हिल’, आहे. विमाधारक कामगारांसाठी राज्य कामगार विमा योजनेचे रुग्णालय आहे. कामगार विम्याच्या कायद्यातील कुटुंबाच्या व्याख्येत एक तरतूद पुष्कळांना माहीत नसते : शारीरिक वा मानसिक व्यंगामुळे असमर्थ असलेले व विमाधारकावर सर्वस्वी अवलंबून असलेले अपत्य, ती असमर्थता टिकेपर्यंत, वयाची अट न लागता कुटुंबात गणले जाते. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजाराचा दिव्यांगत्वात समावेश असून 40 टक्के वा अधिक दिव्यांगत्वाचा दाखला मिळाल्यास 6 ते 18 वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क प्राप्त होतो. मानसिक आरोग्यसेवा कायदा, 2017 अन्वये अल्पवयीन मुलाला अपवादात्मक परिस्थितीतच, पालकाच्या अर्जावरून दाखल करता येते. त्याची राहण्याची जागा प्रौढांपासून वेगळी असावी लागते, आणि दाखल असेपर्यंत पालकाने किंवा त्याने नेमलेल्या माणसाने त्याच्याजवळ राहावे लागते.

हे राहणे योग्यच आहे; पण त्याची किंमत कामगाराच्या हजेरीपटावर पडते. विम्याचा आजारपण-लाभ कामगाराच्या स्वतःच्या आजारासाठी असतो, मुलाच्या नव्हे. भरपगारी रजा वर्षात कामाचे ठरावीक दिवस भरल्यावर, दर 20 दिवसांच्या कामामागे एक, या हिशेबाने मिळते. ठेकेदाराकडे तुटक काम करणाऱ्याचे ते दिवस भरतच नाहीत, म्हणून दवाखान्यात बसलेल्या प्रत्येक दिवसाचा त्याचा रोज बुडतो. चिंचोळीतील कारखानदार, ठेकेदार व पाळीप्रमुख यांना विनंती ही, की अशा आईने किंवा बापाने डॉक्टरांची चिठ्ठी आणून काही महिने एकच ठरावीक पाळी मागितली, तर ती द्यावी. कारण विचारण्याचा आग्रह धरू नये, आणि ते सांगितले गेलेच तर खात्याबाहेर जाऊ देऊ नये. पालकांसाठी ‘टेली मानस’ ही शासकीय दूरध्वनी सेवा 14416 या क्रमांकावर ऑक्टोबर 2022 पासून चालू आहे. ती विनामूल्य असून रात्रपाळीच्या वेळीही तेथे मराठीत बोलता येते.