चौदा शब्दांची मुभा

डॉ. शं. गो. तुळपुळे यांचे ‘यादवकालीन मराठी भाषा’ हे पुस्तक १९४२ साली प्रसिद्ध झाले. मुळात तो पीएच.डी.चा प्रबंध. शिलालेखांतील ओळी आणि महानुभाव गद्यातील वाक्ये त्यातून वगळली, तर विवेचनाला आधारच उरणार नाही. झ्यूल ब्लॉक यांचा मराठीवरील फ्रेंच ग्रंथ वासुदेव गोपाळ परांजपे यांनी त्याच्या आदल्याच वर्षी मराठीत आणला होता. भाषेविषयी विधान करायचे तर तिच्यातला पुरावा जसाच्या तसा पुढे ठेवायचा, ही शिस्त अशा ग्रंथांनी घालून दिली. अवतरण म्हणजे उसनवारी, असे तेव्हा कुणाला वाटले असेल असे दिसत नाही.

पुढे नियम आले. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ मध्ये प्रबंध सादर करण्यापूर्वी एक शोधनिबंध छापणे सक्तीचे केले आणि २०२२ मध्ये ती सक्ती उठवली. मधल्या तेरा वर्षांत शोधनिबंधांचे केवढे पीक निघाले, हे आपण सारेच जाणतो. असो. प्रबंधाच्या लेखनाला खरा हात घातला तो २०१८ च्या वाङ्मयचौर्यविषयक नियमांनी. साम्य दहा टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही. त्यापुढे चाळीसपर्यंत सहा महिन्यांत सुधारित प्रबंध द्यायचा. साठच्या वर गेले तर नोंदणीच रद्द. सलग चौदा शब्दांपर्यंतचे योगायोगाचे साम्य मात्र माफ. हे मोजमाप कोणत्या भाषेकडे पाहून ठरले असेल? ‘त्यांच्याबरोबरच्यांनाही’ हा मराठीत एकच शब्द आहे. इंग्रजीत त्याला सहा-सात लागतात. चौदा मराठी शब्दांत आपल्याकडे एक अख्खा विचार मावतो.

लीळाचरित्रातील क्रियारूपांवर काम करणाऱ्या आमच्या एका विद्यार्थिनीने तिसरे प्रकरण दुरुस्त करून आणले. मूळ वाक्ये गायब होती. त्यांच्या जागी तिने आजच्या मराठीतला आशय लिहिला होता. “सर, आता सातच टक्के येतात,” ती समाधानाने म्हणाली. क्रियारूपांवरील प्रकरणात एकही जुने क्रियारूप शिल्लक राहिले नव्हते!

आम्ही नियमावली उघडली. श्रेयनिर्देशासह दिलेली अवतरणे आणि संदर्भसूची साम्याच्या मोजणीतून वगळावीत, असे तीत स्पष्ट म्हटले आहे. ते वाचून तिने विचारले, “मग मागच्या वेळी अवतरणे कमी कर, असे तुम्हीच का सांगितलेत?” आमच्यापाशी उत्तर नव्हते. आम्ही अहवालावरचा आकडा पाहिला होता, नियम वाचला नव्हता. विद्यार्थी यंत्राला भितात, अशी तक्रार आम्ही विभागात बसून नेहमी करतो. ती भीती त्यांच्यापर्यंत आमच्याच तोंडून पोहोचली होती, हे त्या दिवशी ध्यानात आले. विद्यार्थ्यांच्या दृष्टीने शैक्षणिक लेखन म्हणजे शब्द फिरवण्याचे कसब झाले असेल, तर ते त्यांना कुणी शिकवले?

तिने सारी वाक्ये परत घातली. पुढच्या तपासणीत आकडा एकतीसवर गेला, कारण अवतरणे वगळण्याची सोय कुणी चालूच केली नव्हती. आम्ही नियमाचे कलम जोडून पत्र लिहिले, पुन्हा तपासणी करून घेतली. त्यात पाच आठवडे गेले. प्रकरण मात्र आता वाचता येते.