जुनापाणीचे खळगे

१० मार्चच्या आसपास, उतरत्या उन्हाला, वेरूळच्या दहाव्या लेण्यातल्या बुद्धमूर्तीवर चैत्यगवाक्षातून किरण येतात. ते बघायला संभाजीनगरहून माणसं मुद्दाम जातात आणि शिल्पकारांनी हे आखूनच केलं म्हणत परततात. मला शंका आहे. वेरूळचा अख्खा कडाच पश्चिमेकडे तोंड करून उभा. तिथे मावळतीचं ऊन आत शिरणारच. शिवाय सूर्य त्याच वाटेने परततो. म्हणून तर कोल्हापूरला अंबाबाईचा किरणोत्सव नोव्हेंबरात आणि जानेवारीअखेरीस, असा दोनदा होतो. त्या हिशेबाने वेरूळलाही ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात तो व्हायला हवा. त्याची चर्चा कुणी करत नाही.

सूर्याला दगडाशी बांधायची ही खोड लेण्यांहून फार जुनी, आणि माझ्या मते विदर्भातली. नागपूरजवळ जुनापाणीला लोहयुगातली शिळावर्तुळं आहेत. खाली दफनं, कडेच्या काही दगडांवर छोटे गोल खळगे, ओळींनी कोरलेले. इंग्रज अधिकारी रिव्हेट-कार्नॅकने १८७९ साली त्यांचं नातं थेट ब्रिटनमधल्या खळग्यांशी जोडलं. कुमाऊँतल्या अशाच खुणांत त्याला महादेवाची पिंडी दिसली होती! टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या मयंक वाहिया आणि सहकाऱ्यांनी पिंडी बाजूला ठेवून कोन मोजले. खळग्यांचे दगड वाट्टेल तिथे नाहीत, ठरावीक दिशांना आहेत.

प्रतिपक्ष म्हणेल, थडगीच ती. दिशा मृताच्या सोयीची. असेल. पण पेरणाऱ्या माणसाला मृग कधी निघणार हेही हवंच होतं. अडचण अशी, की मार्चमध्ये उगवतीची जागा रोज जवळपास एका बिंबाइतकी सरकते, तर ७ ते २१ जून या पंधरवड्यात मिळून जेमतेम दीड बिंब. नेमका दिवस दगड सांगू शकत नाही, आणि पुढे ढगच येतात. माझा तर्क उलटा आहे: दिवस नकोच होता, सूर्य अडखळतोय एवढंच बघायचं होतं. उत्तरेकडचं सरकणं मंदावलं की बियाणं काढायचं. नागपुरात उगवता सूर्य पूर्वबिंदूपासून दोन्हीकडे सुमारे २५ अंशच जातो. त्याबाहेरचे खळगे मी खुशाल ताऱ्यांच्या पदरात टाकतो.