युनिक्सची माहितीपुस्तिका

अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये युनिक्स ही संगणकप्रणाली सतत बदलत होती. वरिष्ठ डग मॅकिलरॉय यांनी आग्रह धरला, म्हणून केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी तिची माहितीपुस्तिका लिहिली. पहिल्या आवृत्तीवर तारीख आहे ३ नोव्हेंबर १९७१. प्रत्येक आज्ञेला स्वतंत्र पान, पानावर तारीख आणि ती आज्ञा कोणाच्या जबाबदारीची तेही. त्यामुळे एखादी आज्ञा बदलली की तेवढेच पान नव्याने लिहायचे. पानाच्या तळाकडे ‘बग्ज’ या मथळ्याखाली उणिवा उघडपणे मांडलेल्या असत. विक्री खात्याच्या हाती पुस्तिका असती, तर हा मथळा बहुधा टिकला नसता. पुढे ‘मॅन’ ही आज्ञा आली आणि हवे ते पान वापरणाऱ्याच्या टर्मिनलवरच उमटू लागले. प्रणालीच्या आवृत्त्याही पुस्तिकेवरूनच मोजल्या गेल्या. १९७९ ची गाजलेली सातवी आवृत्ती त्यांतलीच.